सरांचं नाव घातलेला ग्लास

माझं अक्षर वाईट आहे. लिहिताना चुका होतात, चौथीतच शाळा सुटली. त्याची माफी मागते. बाकी कशाची मागणार नाही.

मुलगी बालवाडीत होती. एक दिवस तिला कामावर घेऊन गेले. धाराशिवला सरांच्या घरी मी धुणीभांडी करायचे. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. पोरीला तहान लागली. ती स्वयंपाकघरात गेली, फळीवरचा ग्लास घेतला, माठात बुडवला आणि प्याली.

मॅडम ओरडल्या. माठातलं सगळं पाणी माझ्यादेखत मोरीत ओतलं. सर पेपर वाचत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"ओरडतेस कशाला? देऊन टाक तो ग्लास तिलाच."

एवढंच. आवाजही चढवला नाही.

पोरगी ग्लास छातीशी धरून घरी आली. वस्तीत सगळ्यांना दाखवत सुटली. "सरांनी मला दिला!" आम्ही बौद्ध. मला कळलं होतं. तिला कसं सांगणार?

स्टीलचा ग्लास. त्यावर सरांचं नाव घातलेलं. भांड्यावर नाव घालतात ते शेजारी गेलं तरी परत यावं म्हणून. आपलं नाव असलेलं भांडं कुणी असं देऊन टाकत नाही. पोरगी वाचायला शिकली तेव्हा तिनंच विचारलं, "आई, ह्याच्यावर तर सरांचं नाव हाय. मग मला का दिला?"

मी चुलीकडं बघत राहिले. तिला उत्तर मिळालं. परत तिनं त्या ग्लासाला हात लावला नाही. मी तो पेटीत ठेवला.

काम सोडलं नाही. नवरा गेलेला, दुसरं घर मिळत नव्हतं.

सर मोठे होत गेले. दारावरची पाटी बदलायची, मी ती फडक्यानं पुसायची. प्राध्यापक. मग विभागप्रमुख. मग विद्यापीठात डीन, आणि पुढं बरीच वर्षं डीनच. समतेवर त्यांचं पुस्तक आलं. जयंतीला आमच्या वस्तीत भाषणाला यायचे. पोरं टाळ्या वाजवायची. विद्यार्थी घरी आले की सर सांगायचे, "पुरावा आणा. पुराव्याशिवाय इतिहास नसतो." मी मागच्या दारात ऐकायची. माझा चहाचा कप तिथंच खिडकीत पालथा असायचा. वेगळा.

मुलीला नर्सिंगला घातलं तेव्हा सरांकडून उचल घेतली. पगारातनं कापून घ्यायचे. पैसे अंगावर होते म्हणून तोंड बंद.

यंदा सर रिटायर झाले. म्हणाले, "सत्काराला तू पण ये. चांगली साडी नेस. तुला स्टेजवर बोलावणार आहे."

मला चार माणसांत बोलता येत नाही. भाजीवाल्याला भाव विचारतानासुद्धा आवाज फुटत नाही. मी पेटी उघडली. ग्लास राखेनं घासला. पिशवीत टाकला.

हॉल भरलेला. सर माईकवर म्हणाले, "माझ्या घराचा उंबरा जातीनं कधी ओलांडला नाही. ह्या बाई आमच्या घरच्याच. यांच्या मुलीला मी शिकवलं." टाळ्या. मॅडमनी साडी पुढं केली.

मी घेतली नाही. टेबलावरच्या जगमधलं पाणी ग्लासात ओतलं. थोडं सांडलं. ग्लास सरांपुढं धरला.

"पाणी घ्या सर. तुमच्याच घरचा ग्लास हाय. माझी पोरगी पिली म्हणून देऊन टाकला होता."

माईक चालू होता.

सरांनी नाव वाचलं. हात पुढं आला, मध्येच थांबला. मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, आजच्या दिवशी कशाला?" मागनं आमच्या वस्तीतली म्हातारी ओरडली, "घ्या की सर! घरच्याच हाईत न्हवं त्या!"

कुणीतरी हसलं. सरांनी ग्लास घेतला नाही. मग मीच ते पाणी प्याले. तिथंच, सगळ्यांसमोर, शेवटच्या घोटापर्यंत. ग्लास पिशवीत टाकला आणि सरांचं तोंड बघितलं. पांढरं पडलं होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी कळंबहून आली. तिथं दवाखान्यात नर्स आहे. तिनं राहिलेले पैसे आणले. आम्ही दोघी पुढच्या दारानं आत गेलो.

सर म्हणाले, "पैसे राहू दे. सोडले मी. तो ग्लास तेवढा आणून दे."

मी म्हणाले, "पैशे मोजून घ्या सर. ग्लास मिळणार न्हाय. पुरावा हाय त्यो."

आता जयंतीला आमच्या वस्तीत समतेवर बोलायला जो येईल, त्याला आधी ह्याच ग्लासातनं पाणी देणार. सगळ्यांसमोर. मग त्यानं बोलावं.

सरांनी पैसे मोजले. पूर्ण होते.