उसना आवाज

शांतवन कसबे गेले, हे मला त्यांच्या पत्नीने दोन्ही घरांमधल्या सामाईक भिंतीवरून सांगितले. संध्या आटोपून मी नेहमीप्रमाणे भिंतीशी उभा होतो, पलीकडून येणाऱ्या त्यांच्या लिहायच्या पाटीची वाट पाहत. पाटी आली नाही, मार्थाबाई आल्या. "दवाखान्यात नेईपर्यंतच गेले, अण्णा," एवढेच म्हणाल्या... आदल्याच सकाळी त्याच जागी उभे राहून, त्यांच्या आजाराला उतार पडतो आहे म्हणून, मी परमेश्वराची मोठ्याने स्तुती केली होती.

शांतवन मूळचे मोहोळकडचे. सोलापूर स्थानकाच्या पार्सल कचेरीतून निवृत्त झाले, तर माझे आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेले. भिंतीच्या अलीकडे माझी संध्या चाले, त्याच वेळी पलीकडच्या अंगणात ते उभे राहून खड्या आवाजात देवाची स्तुती करीत. ख्रिस्ती उपासनेतला तो त्यांचा घरगुती नेम होता आणि गल्लीला त्याची सवय झाली होती. त्यांची धाकटी मुलगी काविळीने गेली, तेव्हा तिच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही तो आवाज आला. दुःखाने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, असे लोक कुजबुजले. मलाही ते रुचले नव्हते. आज तरी मौन शोभले असते, असे मी त्यांना सुचवले. त्यांनी भिंतीवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "सुखात कुणीबी म्हणतंय की, शास्त्रीबुवा. आज जीभ उचलत न्हाय, म्हणून आजची खरी." त्या दिवसापासून मात्र पलीकडचा आवाज ऐकू आला की माझे हात आपोआप जोडले जात.

पुढे त्याच कंठात गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले. मी त्यांना धीर देऊ लागलो. आमच्या शास्त्रात मोठ्याने केलेल्या जपाहून ओठांतल्या ओठांत केलेला श्रेष्ठ आणि केवळ मनात केलेला त्याहूनही श्रेष्ठ मानला आहे. तेव्हा तुमचे काहीच हरवलेले नाही, असे मी म्हणालो. त्यांनी पाटी ओढून लिहिले, 'मनातलं देवाला कळतंय. गल्लीला कळत न्हाय.' मग थोडे थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'तुमचा आवाज द्या. सूर लावू नका फक्त.'

असा आमचा नवा नेम सुरू झाला. ते पाटीवर त्या दिवसाचे कारण लिहीत. नळाला आलेले पाणी, कडुनिंबाची सावली, मार्थाबाईंच्या हातची भाकरी. मी ते मोठ्याने म्हणे आणि पलीकडे त्यांचे ओठ हलत. 'प्रभो' हा शब्द मला परका नव्हता; दुसऱ्याच्या वतीने तो उच्चारणे मात्र पहिले काही दिवस अवघड गेले. मग, ते जाण्याच्या आदल्या सकाळी, पाटीवर आले, 'तपासणी झाली. गाठ न्हाय. बरा होतोय.' त्या दिवशी मी इतक्या मोठ्याने स्तुती केली की दूधवाल्याने गाडी थांबवून पाहिले. शांतवन डोळे पुसत होते. मला तो आनंद वाटला.

अंत्यविधीनंतर काही दिवसांनी मार्थाबाईंनी खरे सांगितले. गाठ परत आली होती, उपाय संपले होते, आणि ती ओळ लिहिण्यापूर्वीच हे त्यांना माहीत होते. "मी म्हणलं, अण्णांना खोटं सांगू नका," त्या म्हणाल्या. "तर पाटीवर लिवलं, खरं कळलं तर त्यांच्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय. मग माझी स्तुती कोण करील?"

काही आठवडे उलटले, तरी हे वाक्य माझ्या घशाखाली उतरलेले नाही. जो माणूस उभ्या हयातीत कधी खोटे बोलल्याचे मला स्मरत नाही, त्याने माझ्या मुखात खोटे घातले आणि ते देवापुढे अर्पण करवून घेतले. पण यापेक्षाही खोल रुतलेले दुसरेच आहे. जी स्तुती ते खरी मानत, ती त्यांनी स्वतःच्या निःशब्द ओठांशी राखून ठेवली. माझ्या वाट्याला आली ती सुखातली, कुणालाही जमणारी. इतक्या वर्षांच्या शेजारानंतर त्यांनी माझी पारख केली ती अशी... संकटात देवाचे नाव मोठ्याने घेण्याएवढे बळ याच्यात नाही!

मार्थाबाई अजूनही रोज सकाळी ती पाटी धुऊन भिंतीवर ठेवतात. हाताला सवय आहे, म्हणतात. मी बरेच दिवस तिकडे फिरकलो नाही. खिडकी लावून आतच संध्या करीत राहिलो. काल मात्र गेलो. पाटी कोरी होती, अजून ओली. मार्थाबाई दाराशी उभ्या होत्या. मी शांतवनना क्षमा केलेली नव्हती, आजही केलेली नाही. त्यांच्या अंगणाकडे पाहिले तेव्हा छातीत रागच होता आणि जीभ उचलत नव्हती.

"प्रभो, तुझी स्तुती असो," मी म्हणालो. कशाबद्दल, ते सांगता आले नाही. पण गल्लीला ऐकू गेले.