एकोणिसाव्या दिवशी गेलेली बाई

शाळेत तिला तोंडावर सगळे मोठ्या बाई म्हणत आणि पाठीमागे भिंगरी. विशेष मुलांच्या त्या शाळेची ती मुख्याध्यापिका होती, वय बावन्न, आणि नऊ वर्षांत तिला तिच्या खुर्चीत सलग पंधरा मिनिटं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. टाचणी हवी असली तरी शिपायाला हाक मारायच्या आत ती स्वतःच उठून गेलेली असे.

त्या सकाळी ती उभ्यानेच चहा पीत होती. फोनवर निरोप आला. ‘मोठ्या बाई, आजपासून मी येऊ शकणार नाही. माफ करा.’ स्वमग्न मुलांच्या वर्गाची नवी बाई होती ती. तिचा एकोणिसावा दिवस होता. त्या वर्गातून वर्षभरात गेलेली ही तिसरी.

“परत?” नवऱ्याने वर्तमानपत्राआडून विचारलं.

“परत.”

“अगं, मग चहा तरी बसून पी. ती गेली ती गेली, तू उभी राहिलीस म्हणून ती परत येणार आहे का?”

तिने कप तसाच ओट्यावर ठेवला आणि चपला घातल्या.

वर्ग रिकामा ठेवणं शक्यच नव्हतं. मुलं सात, आणि मदतनीस मावशी तीन वर्गांत मिळून एक. भिंगरी स्वतःच वर्गावर उभी राहिली. एक मुलगी दप्तराचा पट्टा चावत बसली, ती बसूनच राहिली. एक मुलगा दर पाच मिनिटांनी दाराकडे धाव घेई, म्हणून दाराला पाठ लावून शिकवावं लागलं. तिसऱ्याने रंगाची वाटी उपडी केली आणि ती पुसायला वाकल्यावर तिचे केस धरले. मावशी दोनदा डोकावून गेली. “बाई, पलीकडच्या वर्गात एकाला झटका आलाय,” असं म्हणत दुसऱ्यांदा जी पळाली ती आलीच नाही. दोन वाजता मुलांची गाडी निघाली तेव्हा भिंगरीच्या लक्षात आलं, की सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतलेला नाही आणि बाथरूमलाही गेलेली नाही. जाणार कशी? सात जणांना कुणाच्या भरवशावर सोडणार?

दुपारी मुलाखत होती. समोर एक तरुणी बसली होती, हातात नवंकोरं प्रमाणपत्र. तिने एकच प्रश्न विचारला, “मुलं मारतात का हो?”

या प्रश्नाचं उत्तर भिंगरीला तोंडपाठ होतं. आमची मुलं फार गोड आहेत, तुम्हाला लळा लागेल. नऊ वर्षं ती हेच सांगत आली होती. आज ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. “तुम्हाला कळवते,” एवढं बोलून ती उठली.

संध्याकाळी पाच वाजता ती गेलेल्या बाईच्या घरी पोचली. आईने दार उघडलं, पण वाट सोडली नाही. “तिला परत न्यायला आला असाल तर नका बोलू. डॉक्टरांचं औषध चालू आहे तिचं.”

“न्यायला नाही आले. विचारायला आले.”

मुलगी आतून आली. चोवीस वर्षांची असेल, चेहरा उतरलेला. बसा म्हणाली तरी भिंगरी खिडकीपाशी उभीच राहिली.

“कशाचं औषध?”

“लघवीचा त्रास.” मुलीने मान खाली घातली. “शाळेत बाथरूमला जायला मिळत नाही म्हणून मी पाणीच प्यायचे नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“कधी सांगू, मोठ्या बाई? तुम्ही आलात आणि गेलात. दहाव्या दिवशी मला एकाने चावलं. मी मनगट घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही जिन्यावर होतात. म्हणालात, होतं असं, सवय होईल. आणि खाली उतरून गेलात.”

भिंगरीने आठवून पाहिलं. जिना आठवला, घाई आठवली. ही मुलगी काही केल्या आठवेना. ती खुर्चीवर टेकली.

“मुलं गोडच आहेत,” मुलगी म्हणाली. “मुलांमुळे नाही गेले मी.”

“दाखव मनगट.”

खूण फिकट झाली होती. भिंगरीने ती नीट पाहिली. आईने पाणी आणून ठेवलं. “घ्या,” म्हणताना तिच्या आवाजातली धार जरा कमी झाली होती. मुलगी काही परत आली नाही. साध्या शाळेत लागली, आणि भिंगरीनेच तिला शिफारसपत्र लिहून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून साडेदहाच्या ठोक्याला, बाई नसलेल्या वर्गावर मावशीला बसवून, भिंगरी बाकीच्या वर्गांतून फिरू लागली. प्रत्येक वर्गात वीस मिनिटं. “जा, पाणी प्या, बाहेर जाऊन या. मी आहे इथे.” जुन्या बाईंना आधी वाटलं, ही तपासणी आहे. एक तर पहिला आठवडाभर दाराबाहेरच कान लावून उभी राहायची. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, “मुख्याध्यापिका कार्यालयात नको का?” ती म्हणाली, “मग दुसरी मावशी द्या, मी बसते कार्यालयात.” तीन महिने पिच्छा पुरवल्यावर दुसरी मावशी मिळाली. भिंगरी कार्यालयात बसली नाही ती नाहीच.

मुलाखतीही बदलल्या. येईल त्याला ती आधी सांगे, मुलं चावतात, थुंकतात, पळतात, एक दिवस वर्गात राहा आणि मग ठरवा. पहिले चार जण जेवणाच्या सुट्टीतच गेले. वर्गाला अजून बाई नाही, आणि ती स्वतःच वर्गावर. नवरा म्हणाला, “इतकं खरं बोलशील तर शाळेला कुलूप लागेल.” तिलाही तीच धास्ती होती. झोपेतसुद्धा तिची बोटं चादर चाळवत असत.

पाचवा आला तो चाळिशीचा माणूस. आधी बसवर कंडक्टर होता, भाच्यासाठी म्हणून हे शिक्षण घेतलेलं. संध्याकाळी शर्टाची बाही पिळत तो तिच्यासमोर आला. “एक मुलगा तीनदा थुंकला माझ्यावर. उद्या किती वाजता येऊ?”

दोन महिन्यांनी एका दुपारी तोच हातात कागद घेऊन दारात उभा राहिला. असा घडी घातलेला कागद तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

“राजीनामा?”

“नाही हो. तक्रारी आहेत. अकरा आहेत. दाराची कडी त्या पळणाऱ्या मुलाच्या हाताला येते. पंख्याचा आवाज त्या लहानीला सोसत नाही. आणि दुसऱ्या मावशींना कुणी काही शिकवलेलंच नाही...”

त्याचं बोलणं संपायच्या आत तिने कागद हातातून घेतला. जाणारा माणूस पंख्याबद्दल बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

“कडी आधी,” ती म्हणाली, आणि सुताराला शोधायला निघालीसुद्धा.