शेवटच्या कडव्यातलं नाव

जयंत्यांना, लग्नांना गाणाऱ्या आमच्याकडच्या गायन पार्ट्यांत एक रीत आहे. गाणं संपताना शेवटच्या कडव्यात कवीचं नाव यायलाच हवं. मग ते दुसऱ्या पार्टीने म्हटलं तरी गाणं कुणाचं हे ऐकणाऱ्याला कळतं. माझी गाणी मात्र माझ्याच हाताने नवऱ्याच्या नावावर गेली.

दोष कुणाचा, तर माझाच. लग्नाआधी मी पहिलं गाणं लिहिलं आणि यांनी ते मांडवा गावच्या कार्यक्रमात म्हटलं. समोर माझे वडील बसलेले. माझं नाव आलं असतं तर तिथंच बोभाटा झाला असता, म्हणून यांचं घातलं. पुढे लग्न झालं, मी शाळेत शिक्षिका झाले, यांच्या पार्टीला थेट दिघीपर्यंतची बोलावणी यायला लागली, आणि नाव बदलायचं राहून गेलं. त्यांनी दोनदा विचारलंही. मी म्हटलं, असू दे, घर एकच आहे. घरात मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, पण गाण्यात दर खेपेस ऐटीत लिहायची. प्रेमच होतं ते, दुसरं काय.

गेल्या वर्षी ते गेले. छातीत दुखतंय म्हणून पेटी बाजूला सारली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही, गुणगुणलेसुद्धा नाही. शाळेत जायचे, हजेरी घ्यायचे, घरी येऊन भात लावायचे. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहेत. खंबीर कसली, बधिर झाले होते.

पहिला स्मृतिदिन जवळ आला तेव्हा धाकटा दीर आला. पेटी आता तोच वाजवतो.

"वहिनी, दादाच्या गाण्यांचं पुस्तक काढतोय. वह्या द्या."

वह्या सगळ्या माझ्या अक्षरातल्या. त्या चाळून म्हणतो कसा, "बरं झालं तुम्ही उतरवून ठेवलंत. दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण गेलेल्या माणसाला खोटं पाडायचं कसं? गुमान वह्या देऊन टाकल्या.

छापखान्यातून कच्चे कागद आले ते चुका तपासायला माझ्याचकडे. सासूबाई ओटीवर सुकट निवडत होत्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "वाच गं बाय, माझ्या पोराचं." मी वाचत गेले. नव्या नवरीचं गाणं आलं. सासरी पहिल्या सकाळी ती चूल पेटवते आणि धुराच्या निमित्ताने रडून घेते. शेवटच्या कडव्यात यांचं नाव.

सासूबाईंचा हात थांबला. "हे त्याचं न्हाय," त्या म्हणाल्या. "त्या चुलीपुढं तू हुतीस, आन् मागं मी उभी. तो निजलेला. त्याला कसं म्हाईत?"

मी कबूल केलं. हे एकच नाही, सगळीच माझी. मला वाटलं, म्हणतील, असू दे, पोरगं गेलं माझं. त्यावर काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. मोठेपणाची हौस मलाही आहे. पण त्या भडकल्याच.

"आन् तू गप बसलीस? माझ्या पोराच्या माथी चोरी ठेवून? तो जिता आसता तर बोलला आसता. आता त्यानं कुनाला सांगायचं?"

वह्या देऊन मी त्याग करतेय असं समजत होते आणि म्हातारीने चार वाक्यांत माझी हवा काढली.

दिराला बोलावून सांगितलं. त्याने कागद घेऊन शेवटच्या कडव्यातली अक्षरं बोटांवर मोजली. मग म्हणाला, "वहिनी, नाव बदललं तर चाल मोडंल." म्हटलं, बसवू पुन्हा. यांचं नाव दोन अक्षरांचं, माझं चार. लाल पेनने खोडायचं, ओळ सोडवायची, जुळवायची, म्हणून बघायची. आठवडाभर तेच. पुन्हा गायला लागले होते मी, पण ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

स्मृतिदिनाला विहाराच्या अंगणात वंदना झाली आणि मी नवरीचं गाणं घेतलं. शेवटच्या कडव्यात मी माझं नाव म्हटलं, मागे कोरसच्या बायकांनी सवयीने यांचं. सगळा गोंधळ. दिराने पेटी थांबवली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. या खेपेस कोरसमध्येही माझंच नाव आलं, आणि पुढे बसलेल्या सासूबाईंनी टाळीचा ठेका धरला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं गाणं संपलं आणि त्यात ते कुठेच नव्हते. ते गेले, हे मला तेव्हा कळलं. माईक दिराच्या हातात देऊन मी विहाराच्या पायरीवर जाऊन बसले आणि पोटभर रडले.