सायझिरीचा नियम

निंबाची कादंबरी साड्यांच्या पुठ्ठ्यांवर उतरत होती. तो उधन्यात साड्या विणणाऱ्या लूमवर काम करायचा. घडी केलेल्या साडीत घालतात तो पुठ्ठा एका बाजूनं कोरा असतो, ही गोष्ट त्याच्याइतकी कुणी मनावर घेतली नव्हती. सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर बसून नवा पुठ्ठा वाचायचा आणि चाळ ऐकायची. आठवडाभर यंत्रांच्या खडखडाटात राहिलेली ती माणसं. कुणी हळू आवाजात काही सांगतंय, याचंच त्यांना अप्रूप.

कादंबरीत सायझिरी नावाचं गाव होतं. तिथली नदी उंबऱ्यापर्यंत यायची आणि विचारपूस करून मागे फिरायची. पोस्टमनची म्हातारी आई, गोदामाय, रोज कुणाच्याही अंगणात जाऊन बसायची. तिला ऊठ म्हणणारं गावात कुणी नव्हतं.

सायझिरीचा एक नियम मात्र निंबानं अजून वाचला नव्हता. तिथं माणसं वाढत नसत. नवं माणूस राहायला आलं की जुनं एक निघून जायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट कुणी मांडायचं नाही.

"सांगून टाका की आधीच," बायको शोभाबाई म्हणाली.

"ऐकणाऱ्याचा जीव गावात रमू दे. मग सांगितलं म्हणजे लागेल."

"लागेल म्हणजे? लोकांना दुखवायचंय का तुम्हाला?"

"थोडं."

जीव रमला तो शेजारच्या भिकनचा. एका सुट्टीच्या सकाळी तो ट्रंक घेऊनच बाहेर आला.

"खोली सोडली, भो. सायझिरीला चाललो. नदीकाठी एक घर रिकामं आहे, तूच वाचलंस."

"भिकन, ते गाव मी लिहिलंय."

"म्हणून तर भरवसा. ऐकीव माहितीवर कोण बिऱ्हाड हलवतं?"

"गाडी कुठली जाते तिकडे?"

"स्टेशनवर विचारू."

मागे त्याची बायको कुसुम भांड्यांचं गाठोडं बांधत होती. लेक चैताली चपला घालून तयार होती. निंबानं धावत जाऊन नियमाचा राखून ठेवलेला पुठ्ठा आणला आणि उभ्या उभ्याच वाचला.

भिकन ट्रंकेवर बसला.

"हाई पहिले काबर नही सांगं?"

आधी का सांगितलं नाही, ते सांगायचं सोडून निंबा पुठ्ठा उलटसुलट करत राहिला.

"आम्ही तिघं. म्हणजे तिघं जाणार. कोण?"

हे निंबानं ठरवलंच नव्हतं. चाळीनं मग ठरवायला घेतलं. कुणी सायझिरीतला सावकार काढला, कुणी त्याचा मेहुणा. तिसऱ्या नावावर गाडं अडलं. सायझिरीत वाईट माणसं दोनच होती, तीही निंबानं नाइलाजानं घातलेली.

"गोदामायला हात लावायचा नाही," कुसुम म्हणाली.

"नियम माझ्या हातात नाही, वहिनी," निंबा म्हणाला. "असे नियम म्हातारीपासूनच सुरू होतात."

"तुमच्या हातात नाही? मग पेन कुणाच्या हातात असतं?" शोभाबाईनं आतून विचारलं.

भिकननं बराच वेळ ट्रंकेची कडी वरखाली केली.

"तिला उठवून तिच्या जागी मी बसू?" तो म्हणाला. "राहू दे. इथंच बरंय."

खोली परत मागायला तो गुजराती घरमालक छगनभाईकडे गेला, मागोमाग निंबाही. छगनभाई दात घासत होते.

"रूम तो आपी दीधी, देऊन टाकली दुसऱ्याला," ते म्हणाले. "तू तर नदीवर चाललास ना?"

पारोळ्याहून आलेलं एक जोडपं तोवर भिकनच्या खोलीत शिरलंही होतं. त्यांनी खिळ्याला आरसा लावला होता. भिकनला पाहून त्या बाईनं पदर सावरला आणि कोण हवंय म्हणून अगदी आदरानं विचारलं. भिकन उंबऱ्यावरूनच मागे फिरला.

परत आल्यावर निंबानं ट्रंकेची एक बाजू धरली. दुसरी भिकननं. ट्रंक निंबाच्या दारात आडवी अडकली, मग उभी करून आत घेतली. चैताली कॉटखाली जागा बघून आली. शोभाबाईनं परातीत आणखी पीठ ओतलं.

"पुढचा पुठ्ठा लिहिण्याआधी मला सांगत जा," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे पीठ आधीच जास्त मळेन."