दोन सह्या

माझा जावई गोलकीपर होता, आणि त्या लग्नाला मी नाही म्हटलं होतं. मुलीला म्हटलं, बाकीचे दहा जण धावत असताना जो एका जागी उभा राहतो, तो घरात काय हलणार? तिने ऐकलं नाही. न ऐकणं ती माझ्याकडूनच शिकली होती, त्यामुळे मला फार बोलता आलं नाही.

त्यात राहायचं एका घरात आणि नोकरी माझी-त्याची एकाच फुटबॉल क्लबात. मी तिथे सत्तावीस वर्षं खेळाडूंचे कपडे धुतले. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात माझी खोली. छत तिरकं, एका कोपऱ्यात मान वाकवूनच जायचं. दोन मशिनं होती. त्यातलं एक पिळायला लागलं की चालत चालत दारापर्यंत यायचं आणि मी ते कमरेने मागे ढकलायचे. इतक्या वर्षांत एकही सामना मी पायऱ्यांवर बसून पाहिला नाही. डोक्यावरच्या पायांवरून कळायचं. आपला गोल झाला की छत हादरून चुना साबणाच्या पाण्यात पडायचा. आपल्यावर झाला की वरचा एकही पाय हलायचा नाही.

खोलीला एक खिडकी होती, जमिनीलगत, नेमकी एका गोलच्या मागे. तिच्यातून गवत दिसायचं, जाळीचा खालचा भाग आणि जावयाचे बूट. आणि त्याचा आवाज यायचा. चेंडू उंच आला की गोलकीपरने ‘माझा’ म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, हा त्यांच्यातला कायदा. जावई तो शब्द असा ओरडायचा की माझ्या हातातला साबण निसटायचा. घरी मीठ मागायला मात्र त्याचं तोंड उघडत नसे. त्याच्यापुढे उभा राहणारा बचावाचा गडी इतका उंच होता की सगळे त्याला खांब म्हणत. ‘माझा’ ऐकलं की खांब मागे न बघता सरकायचा. सात वर्षं दोघांचं हे बिनबोभाट चाललं.

मग मालकांचं बिनसलं. क्लब दोघांचा होता, साहेबांचा आणि त्यांच्या बायकोच्या भावाचा. त्या भावाला सगळे मेहुणेच म्हणत. खेळाडूंना शिकवणारे मास्तर साहेबांनी आणलेले. मेहुण्यांना त्यांच्या जागी आपला माणूस हवा होता. भांडण एवढंच. पण बैठकीत खुर्ची फेकण्यापर्यंत गेलं. तिचा अभ्रा माझ्याकडे धुवायला आला, त्यावर शाई होती, म्हणून मला माहीत. पुढे दोघे वर्तमानपत्रातून बोलायला लागले. साहेब म्हणाले क्लब माझा, मेहुणे म्हणाले क्लब माझा. बाजूला कोणी सरकेना.

कपडे धुणारीला संघाची तब्येत डॉक्टरच्या आधी कळते. मास्तरांचा नियम होता, मोजे सरळ करूनच टोपलीत टाकायचे. ते आता उलटे यायला लागले, चिखलासकट, गोळा करून. मेहुण्यांनी आपल्या बाजूच्या पोरांना नवे बूट वाटले, तेव्हा साहेबांच्या बाजूच्या पोरांनी त्यांचे टॉवेल नाल्यात टाकले. एका टोपलीच्या दोन टोपल्या झाल्या. एकाचा शर्ट दुसऱ्याच्या टोपलीत गेला तर माझ्या दारात येऊन मलाच जाब विचारायचे, जसं काही मी त्यांची घरं फोडली.

त्या दिवसांत दोन कागद फिरले. साहेबांच्या कागदावर होतं, मास्तर राहावेत. मेहुण्यांच्या कागदावर होतं, मास्तर जावेत. खेळाडूंनी ज्याला हवं त्याला सही द्यायची. नंतर दोन्ही कागद कोणीतरी फलकावर शेजारी शेजारी डकवले. मी शिकले दुसरीपर्यंत, छापलेलं वाचायला मला वेळ लागतो, पण सही ओळखते. जावयाची सही म्हणजे गोगलगाय, शेवटी एक शेपूट. ती डावीकडच्या कागदावर होती. उजवीकडच्याही कागदावर होती.

त्या दिवसापासून पोरांनी त्याचं नाव दोनसही ठेवलं. साहेबांची माणसं त्याला फितूर म्हणाली, मेहुण्यांची माणसंही फितूरच म्हणाली. निदान एवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं. पुढच्या सामन्यात चेंडू उंच आला, जावई ‘माझा’ ओरडला, आणि खांब न सरकता मागे वळून म्हणाला, “कोणत्या कागदावरचा?”

खिडकीतून मला ते शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसं ऐकू आलं. चेंडू दोघांच्या मधे पडला आणि सावकाश जाळीत गेला. जावयाचे बूट जागचे हलले नाहीत.

त्यानंतर तो ओरडेनासा झाला. चार सामने मी खिडकीशी कान देऊन होते. इतरांच्या शिव्या यायच्या, पण त्याचा आवाज नाही. गोलकीपर ओरडला नाही तर पुढच्याला कळत नाही, मागे माणूस आहे की भोक. वरचे पाय हलायचे बंद झाले.

घरी मीही त्याला सोडलं नाही. मी त्याला ‘जावईबापू’ म्हणायला लागले, त्यावरून घरच्यांनी काय ते ओळखलं. ताट असं ठेवायचे की चमचा उडावा. मुलगीसुद्धा म्हणाली, का केलंत ते तरी सांगा. तो म्हणाला, झालं ते झालं. तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खेळाडूंच्या शर्टाला इस्त्री उलट्या बाजूने करायची असते, नाहीतर आकडा वितळतो. मी त्याच्या शर्टाला सुलट्या बाजूने केली. एकच्या आकड्याचं टोक इस्त्रीला चिकटून आलं. चुकून नव्हे. त्याने तो शर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि घातला.

शेवटचा सामना उरला. हरलो तर क्लब स्पर्धेच्या खालच्या वर्गात जाणार होता, बरोबरी झाली तर वाचणार होता. जावयाला चौतिसावं लागलेलं. त्या वयाच्या, खालच्या वर्गात गेलेल्या संघाच्या गोलकीपरला कोणी दारात उभं करत नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी मेहुण्यांचा कारकून त्यांचा पांढरा कोट घेऊन आला. कॉफी सांडली होती, दुपारपर्यंत हवा होता. मी कोट मशिनमध्ये टाकला. कारकुनाला मशीन फिरताना बघायला आवडायचं आणि बोलायलाही. म्हणाला, मावशी, जावयाला नावं ठेवता, पण उपकार माना त्याचे. साहेबांच्या कागदावर त्याने आधीच सही केली होती, मास्तरांवर जीव म्हणून. मग मेहुण्यांनी बोलावलं आणि सांगितलं, आमच्याही कागदावर कर, नाहीतर सासूला उद्यापासून काढतो. पोराने उभ्या उभ्या केली.

मशीन चालत दारापर्यंत आलं. मी ढकललं नाही.

कोट तसाच ओला उपसला आणि मेहुण्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यावर माझ्या खोलीच्या किल्ल्या ठेवल्या. ते म्हणाले, हे काय? मी म्हटलं, “तुमचा कोट आणि तुमची खोली. यापुढे माझ्या नावाने कोणाची सही मागू नका.” ते म्हणाले, टेबल पुसा. मी म्हटलं, नवी बाई पुसेल.

तिथून तडक खेळाडूंच्या खोलीत. अर्धी पोरं उघडी होती, टॉवेल शोधत धावली. म्हटलं, सत्तावीस वर्षं तुमच्या चड्ड्या धुतल्यात, लाजताय कोणाला? मग कारकुनाने जे सांगितलं ते सगळं सांगितलं, खांबाच्या तोंडाकडे बघत.

खांब बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, “मग तोंडाने सांगायला काय झालं होतं त्याला?”

प्रश्न बरोबर होता. माझाही तोच होता. मी म्हटलं, जावईबापू, द्या उत्तर.

जावई हातमोज्यांकडे बघत म्हणाला, “तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही नोकरी सोडली असती, आई.”

“सोडली. आत्ताच. आता ओरडायला हरकत नाही.”

खांबाने नाडी इतकी आवळली की तुटली. तो दुसरी शोधायला गेला.

त्या दुपारी मी पहिल्यांदा वर बसले, लेकीशेजारी. खालून मला वाटायचं मैदान लहान असेल. साहेब आणि मेहुणे एकाच रांगेत बसले होते, मधे पाच खुर्च्या रिकाम्या. मेहुण्यांच्या अंगात कोट नव्हता. मागून कोणीतरी ‘ए दोनसही’ म्हणून ओरडत होतं. मी वळून त्याच्याकडे एवढा वेळ बघत राहिले की तो जागा बदलून गेला.

सामना कोराच राहिला, कोणाचाच गोल नाही. शेवटची काही मिनिटं उरली असताना समोरच्यांचा चेंडू उंच आला, जावई आणि खांब यांच्या बरोबर मधे. आणि जावई ओरडला. खरखरीत, गंजलेला आवाज होता, पण शब्द तोच. खांबाचे खांदे ताठ झाले. मी लेकीचा हात धरला. खांब सरकला, अर्धंच पाऊल, आणि तेही असं, जसं काही कोणी त्याच्या पायावर पाय दिला. तेवढी जागा पुरली. चेंडू हातमोज्यांत बसला. सामना बरोबरीत सुटला, क्लब वाचला. पायऱ्या हादरल्या. खाली चुना पडला असणार.

खांबाने हात मिळवला नाही. आजही बोलत नाही. साहेबांनी जावयाबरोबर फोटो काढून घेतला, मग मेहुण्यांनी वेगळा काढून घेतला. दोन्ही फोटोंत त्याच्या पाठीवरचा एकचा आकडा दिसत नाही, ते बरं आहे.

पंधरा दिवसांनी घरी जावयाच्या नावाने पत्र आलं, तुमची गरज उरलेली नाही. साहेबांना तो मेहुण्यांचा वाटला, मेहुण्यांना साहेबांचा. पत्राखाली दोघांच्या सह्या. अख्ख्या वर्षात त्या दोघांनी मिळून सही केलेला कागद तो एकच.

जावई आता रंगाच्या दुकानात डबे चढवतो-उतरवतो. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. एकदा विचारलं असतं तर किल्ल्या मी तेव्हाच ठेवल्या असत्या आणि पाच सामन्यांची धूळधाण झाली नसती. हे मी त्याला जेवताना ऐकवते, तो मान खाली घालून जेवतो. मीठ आता मागतो.

पत्र मुलगी फाडायला निघाली होती. मी काढून घेतलं. माझ्या ट्रंकेत आहे. उद्या कोणी म्हणालं की आम्ही त्याला काढलं नाही, तर दाखवीन. सही मला ओळखता येते.