टेकाडावरच्या धारा

डॉर्कस पिम साठीची, एकटी, चार गायींवर जगणारी. इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरमध्ये तिने भाड्याने घेतलेल्या कुरणात जुन्या किल्ल्याचं नुसतं मातीचं टेकाड उरलं होतं आणि शेजारी कुण्या सरदाराच्या पडून गेलेल्या वाड्याच्या खुणा, चर नि बांध. नवे मालक लॅथमसाहेब यांना तिथे सपाट शेत हवं होतं.

डॉर्कस बाजाराला गेलेली असताना गावातल्या सिरिलने बुलडोझर आणून वाड्याचे बांध भुईसपाट केले. परतल्यावर तिने ते पाहिलं. मग गायी हाकत ती टेकाडावर चढली आणि तिथेच धारा काढायला बसली.

"पिमबाई, उतरा खाली. मला हुकूम आहे."

"तुझ्याकडे हुकूम आहे, माझ्याकडे चार गायी आहेत. बघू कोण आधी दमतं."

"साहेब मला कामावरून काढतील हो."

"तुझ्या आजोबाने तुझ्या आजीला इथेच मागणी घातली होती. चालव, तुला चालवायचं असेल तर."

सिरिलने इंजिन बंद केलं. मग लॅथमसाहेब स्वतः आले.

"मातीच्या ढिगाऱ्यासाठी एवढा हट्ट?"

"तुम्ही का करताय मग?" तिने मान वर केली नाही. "करार मार्चपर्यंत आहे. तोवर इथून हलणार नाही."

ती रोज दोन्ही वेळा तिथेच धारा काढू लागली. सरकारला पत्रंही लिहिली. फेब्रुवारीत टेकाड संरक्षित ठरलं. मार्चमध्ये करार संपला आणि तिला कुरण सोडावं लागलं.

कुणी शाबासकी दिली की ती चिडायची. "वाडा गेला ना? त्या बाजाराच्या दिवशी मी घरी असायला हवं होतं."