हळू म्हणजे नक्की काय हळू

आत्याच्या ट्रॅक्टरवर एके काळी ससा आणि कासव होते. चित्रातले. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला एक दांडी, तिच्या वरच्या टोकाशी पळणारा ससा, खालच्या टोकाशी कासव. दांडी सशाकडे ढकलली की इंजिन जोरात आणि पोटाखालचं पातंही जोरात. कासवाकडे ओढली की दोघंही मंद. आत्याच्या अंगठ्याने सशाचे कान केव्हाच पुसून टाकले होते. कासव मात्र कालच रंगवल्यासारखं, कारण तिकडे ती फिरकतच नसे.

इस्पितळामागच्या हिरवळीचं गवत कापणं हे तिचं काम. ट्रॅक्टर छोटा, बागेतला, वयाने माझ्याहून मोठा. चाकाच्या खुर्चीतली, काठी टेकत आलेली, प्लॅस्टरमधली माणसं तिथे उन्हाला बसतात, आणि आत्याचं म्हणणं असं की ज्याला दिवसभर छत बघावं लागतं त्याला निदान खाली तरी नीट काहीतरी दिसावं.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, "आत्या, गवत उंच असलं की हळू जायचं ना?"

"काय हळू?"

"म्हणजे हळू."

"अगं पण काय हळू? चाल की फिरकी?"

हे तिचे दोन शब्द. चाल गाडीची, फिरकी पात्याची. चाल गिअरवर ठरते, फिरकी त्या दांडीवर. "नवा माणूस उंच गवत बघून घाबरतो," ती सांगायची, "आणि घाबरला की दांडी खाली ओढतो. त्याला वाटतं, सावकाश घेतलं म्हणजे नीट होईल. अरे बाबा, सावकाश गाडीने जायचं. पात्याने कशाला? टोमॅटोवर सुरी नुसती दाबून बघ काय होतं ते."

म्हणून गवत ओलं, उंच असलं की पहिला गिअर. बुटकं, कोरडं असलं की तिसरा. फिरकी दोन्ही वेळा सशाकडे. मधे बदल करायचा तर थांबायचं, क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, मग पुढे. आणि केव्हा बदलायचं? ते ती कानाने ठरवायची. पातं गवतात दमलं की त्याचा आवाज खाली बसतो. तो बसायच्या आत आत्याचा पाय क्लचवर गेलेला असे.

मग कान गेले. एकदम नाही, चाळणीतून पीठ जावं तसे.

आतोबांच्या लक्षात आधी आलं. ते निवृत्त बस कंडक्टर. गच्च भरलेल्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज घरातही तसाच वापरायचे.

"तिला ऐकू येत नाहीये," ते मला म्हणाले.

"तुमचंही?"

"माझंही."

"मग मामला गंभीर आहे."

आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझ्याबद्दल बोलताय ना? तोंडं दिसतात मला. आणि यांचं ऐकू येत नाही त्याचं मला फारसं दुःख नाही."

दुःख झालं ते हिरवळ पिवळी पडली तेव्हा. बागप्रमुख बाई, ज्या स्वतः रोपं लावत लावत त्या पदापर्यंत पोचल्या होत्या, त्यांनी आत्याला हाताला धरून मैदानात नेलं. एक काडी तोडून तिच्या तळहातावर ठेवली. टोक कापलेलं नव्हतं, फाटलेलं होतं. दोरीचा शेवट सुटावा तसं, पांढुरकं, विस्कटलेलं.

आत्याने ट्रॅक्टरकडे जाऊन दांडी हलवून पाहिली. बूड सैल झालं होतं. हादऱ्यांनी दांडी आपोआप कासवाकडे घसरत होती, इंजिन मंदावत होतं, आणि तिला पत्ताच नव्हता. खालचा नट तिने तिथल्या तिथे आवळला. पण बाईंचा प्रश्न नटाचा नव्हता.

"मावशी, उद्या दुसरं काही सैल होईल. आणि मागून कुणी हाक मारली तर?" बाई तिच्या समोर येऊन, सावकाश ओठ हलवत म्हणाल्या. "शुक्रवारी मी पुन्हा बघते. जमलं नाही तर रोपवाटिकेत तुमची जागा आहे. ट्रॅक्टरवर दुसरं कुणी बसेल."

रोपवाटिका वाईट नव्हती. सावली होती, बसायला स्टूल होतं. आत्या घरी येऊन एवढंच म्हणाली, "मला स्टूल नको."

आतोबांनी मग स्वतःची नेमणूक केली. "मी तुझे कान. आयुष्यभर ड्रायव्हरला इशारे केलेत."

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या लॉन्ड्रीमागच्या तुकड्यावर तालीम झाली. मी कुंपणावर बसले होते. आत्या तिसऱ्या गिअरमध्ये निघाली. कोपऱ्यात गवत दाट झालं, पातं दमल्याचं मलाही ऐकू आलं. आतोबांनी तळवा जमिनीकडे करून दोनदा खाली दाबला. कुठल्याही बस ड्रायव्हरला कळलं असतं, गाडी हळू घे.

आत्याने पाहिलं, मान डोलावली आणि दांडी कासवाकडे ओढली.

इंजिन कण्हलं. मागे गवताचा एक फाटका पट्टा पडला.

ती उतरली. काडी तोडून बघितली. "तुम्ही आवाज कमी कर म्हणालात."

"मी कशाला म्हणू? मी हळू म्हणालो."

"हाच हात करता रोज. टीव्ही हळू कर म्हणून."

आतोबा आपल्या हाताकडे बघत राहिले. घरात खरोखरच तो हात टीव्हीसाठी होता. "इतकी वर्षं तू मला सांगतेस काय हळू, काय हळू," ते म्हणाले, "आणि मी तेच विसरलो."

तेव्हा दोन खुणा ठरल्या. खाली दाबलेला तळवा म्हणजे चाल. मूठ गोल फिरवली म्हणजे फिरकीकडे बघ. टीव्हीसाठी रिमोट.

पण आत्याचं समाधान होईना. "तुम्ही दिसेपर्यंत पट्टा फाटलेला असतो," ती म्हणाली. पुन्हा बसली, इंजिन चालू केलं आणि नुसतीच थांबून राहिली. डावा हातमोजा काढला. चाकावरच्या पत्र्यावर तळवा टेकवला. दांडी कासवाकडे, मग सशाकडे. परत कासवाकडे. तापलेल्या मुलाची पाठ चाचपतात तशी ती पत्रा चाचपत होती.

"अहो," तिने हाक मारली, गरजेपेक्षा बरीच मोठ्याने, "मंद असलं की जाडं थरथरतं. जोरात असलं की बारीक."

मग ती तो तुकडा कापत सुटली. एक हात स्टिअरिंगवर, एक पत्र्यावर. दाट कोपरा आला, आतोबांनी हात उचलला, पण खाली दाबायच्या आतच ती थांबली होती. क्लच, पहिला गिअर, पुढे. आतोबांचा हात हवेतच राहिला. तो त्यांनी डोकं खाजवायला वापरला.

शुक्रवारी पेशंट जेवायला आत गेल्यावर तिने मैदान घेतलं. तळ्याकडच्या उतारावर पहिला गिअर, मधल्या सपाटीवर तिसरा. हिरवळीच्या काठावर आतोबा उभे, जवळ येणाऱ्या प्रत्येकाला त्या जुन्या आवाजात मागे सरकवत. एका नर्सला तर त्यांनी पुढे सरकायला सांगितलं. सवय.

शेवटी बाई आल्या. ठिकठिकाणी वाकल्या. काडी तोडून टोक नखाने चाचपलं. सगळीकडे सरळ, हिरवं, सुरीने कापल्यासारखं.

"आणि मागून हाक मारली तर?"

आत्याने काठाकडे बोट दाखवलं. "ते असल्याशिवाय मी चावी लावणार नाही. शब्द देते."

बाईंनी आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी पोट आत घेतलं.

"ठीक आहे मावशी," बाई म्हणाल्या. "पण उतारावर जरा हळू घेत चला."

आत्याने त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं.

"चाल," ती म्हणाली, "की फिरकी?"